हाना, दुल, सेत: आईचा पार्किन्सन्स आणि पिवळा पट्टा

अन्याय झाला तो इंदूबाई गांगुर्डे यांच्यावर. वय एकसष्ट, धंदा भाजीचा, बसायची जागा पंचवटीतला भाजीबाजार. कधी झाला? गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाबारा वाजता. कुठे? गंगापूर रोडवरच्या एका एसी दवाखान्यात, जिथे चपला बाहेर ठेवायच्या असतात आणि पेशंटही.

इंदूबाई माझी आई. डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, मनगट हातात धरून फिरवलं. मग म्हणाले, "आजींना जरा बाहेर बसवा." आई बाहेर गेली. निदान आत राहिलं.

"पार्किन्सन्स डिसीज," डॉक्टर माझ्या मामाला म्हणाले. "वाढत जाणारा आजार आहे. आता त्यांना जपायचं. कामधंदा बंद." मी शेजारीच उभी होते, पेशंटची मुलगी, पंचवीस वर्षांची, रिपोर्टची फाईल माझ्याच हातात. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरातला पुरुषमाणूस समोर असल्यावर बाकीच्यांशी कशाला बोला!

बाहेर आल्यावर मामा हसत म्हणाला, "ताई, काही नाही गं. अशक्तपणा आहे. टॉनिक दिलंय."

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. बाजारातल्या बायकांना संडास हवा म्हणून मी पत्रकं छापली, वाटली, फाडून तोंडावर फेकलेली उचलून पुन्हा वाटली. खोटं माझ्यासमोर फार वेळ टिकत नाही. रिक्षा होळकर पुलावर यायच्या आत मी आईला सांगून टाकलं, "आई, तुला पार्किन्सन्स आहे."

मामा भडकला. "अक्कल आहे का तुला? घाबरवतेस तिला!"

आई म्हणाली, "भाऊ, थांब. आजार माझा आहे ना? मग म्हणजे काय, ते तरी सांगा."

मी फाईल उघडून पानं उलटायला लागले, मामा रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागला.

हे सुरू कसं झालं तेही सांगते, कारण तुमच्या घरात हेच चालू असेल आणि तुम्ही त्याला म्हातारपण म्हणत असाल. आईचा उजवा हात नुसता ठेवला की थरथरायचा. काम करताना नाही, टेकवल्यावर. सवयीने ती हात वजनकाट्याच्या कडेला टेकवायची आणि आकडे थांबायचेच नाहीत. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, हात काढा बरं. काटा मारताय का?" पाव किलोला मूठभर जास्त टाकणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. मग आवाज गेला. ज्या बाईची हाक पार देवळापर्यंत जायची, ती आता शेजारणीलाही ऐकू येईना. बटणं लावायला वेळ लागायला लागला. वासही गेला होता, कोथिंबिरीचासुद्धा. आम्ही सगळ्यांनी सर्दी समजून सोडून दिलं.

त्या एसी दवाखान्यानंतर पंधरा दिवसांनी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर सकाळ गेली. पण आतल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, पहिला प्रश्न आईला विचारला, "तुम्ही काय काम करता?"

मग त्यांनी समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हालचालीचा हुकूम त्याच्यामार्फत सुटतो. ते कमी पडलं की पार्किन्सन्स. हाताची थरथर म्हणजे ट्रेमर. ब्रॅडिकायनेशिया म्हणजे हालचाल मंदावणं. हायपोफोनिया म्हणजे आवाज बारीक होणं. माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. आणि फ्रीझिंग म्हणजे चालता चालता पाय जमिनीला चिकटणं. दारात, अरुंद बोळात, वळताना हे जास्त होतं.

"हा आजार बरा होत नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळ्यांनी ताब्यात राहतो. पण इंदूताई, नीट ऐका. हा माणसाला लहान करत जातो. पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान. तुमचं काम काय? मोठं राहायचं. मोठी पावलं, मोठा आवाज, रोज."

"बाजारात बसू का?" आईने विचारलं.

"पाय आणि तोल सुधारू द्या. मग बसा की."

मामा वाईट माणूस नाही. हीच अडचण आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. मामाने आईसाठी हातांची खुर्ची आणली, टीव्ही तिच्या खोलीत लावून दिला, भाजी निवडायला मामीला पाठवायला लागला. आईच्या हातातला पेलासुद्धा कोणीतरी धरायचं. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दुसराच कोणी पूर्ण करायचा. दोन महिन्यांत ती आजारापेक्षा आमच्या मायेनेच जास्त आखडली.

आणि तिकडे बाजारात तिची जागा होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, बाजारातली जागा बसण्याने राहते. उठलात, गेली. आईच्या शेजारी हिराबाई बसते, हरसूलकडची, रानभाज्या घेऊन येणारी. तिने आईच्या जागेवर आपलं रिकामं प्लास्टिकचं कॅरेट मांडून ठेवलं होतं. भेटायला आली तेव्हा स्पष्ट बोलली, "इंदे, दसऱ्यापोतर धरते. पुढं नाय जमायचं. लय जणींचा डोळा हाय त्याच्यावर."

मामा म्हणाला, "द्या सोडून. ताई काय आता बाजारात बसणारे?"

आई काही बोलली. कोणालाच ऐकू आलं नाही. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. ती म्हणत होती, "बसणार."

फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामोपचार, सुरू होती. एक दिवस तिथून परत येताना पाऊस आला म्हणून आम्ही एका समाजमंदिराच्या दारात शिरलो. आणि नेमकी दारातच आई फ्रीझ झाली. पाय उचलेना. मागून लोक येताहेत, "ओ मावशी, चला ना!" मी ओढलं. ओढू नका, कधीच ओढू नका, माणूस पडतो.

आत तायक्वांदोचा क्लास चालू होता. कोरियाची युद्धकला, हातापेक्षा पायांचं काम जास्त. पांढऱ्या कपड्यातली पोरं रांगेत उभी आणि सगळी एका सुरात कोरियन आकडे म्हणत होती, "हाना! दुल! सेत! नेत!" एक, दोन, तीन, चार. प्रत्येक आकड्याला एक लाथ.

पुढच्या "हाना"ला आईचा पाय उचलला. "दुल"ला दुसरा. "सेत"ला ती आत होती.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, याला क्यूइंग म्हणतात, म्हणजे बाहेरून ताल देणं. आतला हुकूम अडकला की बाहेरचा ठेका मदत करतो. "करू द्या त्यांना तायक्वांदो," म्हणाल्या. "पण माझ्या अटी. उड्या नाहीत, मारामारी नाही, भिंतीच्या कडेला उभं राहायचं, शेजारी एक माणूस, आणि गोळीची वेळ चुकवायची नाही."

क्लासच्या सरांनी मात्र हात जोडले. "मावशी, तुम्ही पडलात तर पालक पोरं काढून घेतील हो."

आई म्हणाली, "सर, मी घरातही पडते. न्हाणीघरात परवाच पडले. तिथं तर कोणी मोजतही नाही."

सर हसले. हसला तो फसला.

पहिल्याच दिवशी घोटाळा. क्लासची रीत अशी की ज्याचा पट्टा वरचा, तो वरिष्ठ. त्याच्यापुढे खालच्याने आधी वाकायचं. वय बघायचं नाही. आईच्या समोर लाल पट्ट्याची दहा वर्षांची श्रेया आली. आई वाकली. श्रेया घाबरून भिंतीपर्यंत पळाली आणि परत येऊन आईच्या पाया पडली. तिला बघून तिच्यामागची तिघं पाया पडली. रांग मोडली, सगळा क्लास आईच्या पायाशी. बाकावरून श्रेयाची आई ओरडली, "अहो सर, आजींना वाकायला काय लावता, पाप लागेल पोरांना!"

सर म्हणाले, "मग सूट देऊ. आजी, तुम्ही इथे पुढे खुर्चीवर बसा, पोरं तुम्हाला नमस्कार करतील."

आईने मान हलवली. बारीक आवाजात म्हणाली, "पाया पडायला पोरं घरी आहेत, सर. मला शेवटी उभं करा. शेवटच्याला पुढं सरकता येतं."

आणि ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पट्टा पांढरा, म्हणजे सगळ्यांत खालचा, उंची सगळ्यांत जास्त. श्रेया पुन्हा समोर आली. आई वाकली. श्रेयाने ओठ चावत वाकणं स्वीकारलं. मी तिथे रडले, उगाच लपवत नाही. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आईकडून काहीतरी मागितलं होतं.

मग किहापचा प्रश्न आला. किहाप म्हणजे ठोसा किंवा लाथ मारताना पोटातून काढायची आरोळी. आईची आरोळी कोणाच्या कानापर्यंतच पोचेना. पोरं म्हणायची, "आजी, अजून!" ती म्हणायची, "अरे, मोठ्यानेच ओरडतेय." हायपोफोनिया तो हाच. तीन आठवडे असं चाललं. मग एका संध्याकाळी चिडून तिने ठोसा मारला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "मेथीऽऽ!"

मग पोरं जमिनीवर लोळून हसली. आई ओशाळली. "सर, तोंडात तेच बसलंय हो."

"आवाज पोटातून आला का?" सर म्हणाले. "आला. मग चालेल. पुढे!"

दुसऱ्या दिवसापासून एक कारटं "शेपू" ओरडायला लागलं. सरांनी त्याला दहा जोर मारायला लावले.

सगळं चढतंच गेलं असं सांगितलं तर ते खोटं पत्रक होईल. गोळीचा असर उतरला की "ऑफ" येतो, म्हणजे शरीर बंद पडल्यासारखं होतं. अशा संध्याकाळी आई भिंतीला टेकून नुसती आकडे मोजायची. श्रावणात एक आठवडा ती अंथरुणातून उठली नाही, म्हणाली, "कशाला हे सोंग." मी तिला काही समजावलं नाही. सरांनी फोन करून एवढंच विचारलं, "मावशी, रांगेच्या शेवटी कोण उभं राहणार? पोरं भांडताहेत." ती गेली.

मामाला कळलं ते गणपतीत. तो क्लासमध्ये आला, तिला पांढऱ्या सदरा-विजारीत बघून हबकला. या कपड्यांना डोबोक म्हणतात. "ताई, हे काय सोंग! ह्या वयात लाथा मारतेस? समाज काय म्हणेल?"

"लुगड्यात लाथ उंच जात नाही, भाऊ," आई म्हणाली. तिचं हे वाक्य मामाला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ऐकू आलं. ते त्याच्या लक्षात आलं का, मला माहीत नाही. माझ्या आलं.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी होती. पूमसे करायची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने पावलं, अडवणं, ठोसे, वळणं. परीक्षा चालू असताना कोणी बोलायचं नाही, मदत करायची नाही. मॅडमच्या अटीप्रमाणे मी दोन हात अंतरावर उभी होते, पण शिवायचं नाही असं आईने बजावलं होतं. बाकावर मामा होता. रागावलेला, पण आला होता.

आईने सुरुवात छान केली. आणि तिसऱ्या वळणाला ती थांबली.

पाय चिकटले. टाच उचलतेय, चवडा थरथरतोय, पाऊल सुटत नाहीये. मामा उठला. "अरे, धरा कोणीतरी तिला!" श्रेयाने मागे वळून बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्या सहा फुटी मामाला म्हणाली, "काका, खाली बसा. त्यांची परीक्षा चालू आहे."

मामा बसला.

आईने डोळे मिटले. ओठ हलले. आधी नुसता श्वास. मग स्वतःला, मोठ्याने, बाहेरून दिलेल्या हुकमासारखं, "हाना!"

पाय सुटला. "दुल!" ती वळली. "सेत!" अडवलं. "नेत!" आणि शेवटचा ठोसा, आणि त्याच्यासोबत ते "मेथीऽऽ" असं काही सुटलं की बाहेरच्या रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. "कशी जुडी?" म्हणाला, देवाशपथ.

टाळ्या, शिट्ट्या, रडारड, सगळं झालं. सरांनी पट्टा बांधला. आईने वाकून घेतला. मामाला विचारलं तर तो आजही म्हणेल की त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे आई बाजारात गेली. मामाने भाजीचं पोतं डोक्यावरून आणलं आणि मुकाट बाजूला उभा राहिला. हिराबाईने आईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, कॅरेट उचलून आपल्या बाजूला टाकलं आणि म्हणाली, "बस की इंदे, बघत काय राहिली? गिऱ्हाईक थांबलंय." आई बसली. ती आता आठवड्यातून चार दिवस बसते. हात थरथरतो. कधी दुपारी "ऑफ" येतो, मग हिराबाई दोन्हीकडची भाजी विकते. आजार कुठेही गेलेला नाही. आई पण गेलेली नाही.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमची, "पुढे" म्हणणाऱ्या सरांची आणि श्रेयाची मी ऋणी आहे. त्यांनी दया दाखवली असती तर आई आज घरात असती.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचून "छान, प्रेरणादायी" म्हणून बाजूला ठेवणार असाल तर माझा कागद वाया गेला. तुमच्या घरात कोणीतरी आहे, ज्याला तुम्ही प्रेमाने बसवून ठेवलंय. आज संध्याकाळी त्या माणसाच्या समोर बसा आणि एकच विचारा, "तुला परत कुठे जायचंय?" त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. उत्तराला वेळ लागेल, आवाज बारीक येईल, तुम्हाला पुढे झुकावं लागेल. झुका. आणि उत्तर मिळालं की त्याच्या डॉक्टरांकडे जाऊन "हे करू द्यायचं का" विचारू नका. विचारा, "हे करायचंय, कसं करू?"

विचारा. आजच.