उन्हातले सेल

काल लेकीनं मोबाइलवर आमच्या तरुणपणीचा विलायती रॉक अल्बम लावला, आणि मी मनानं जिंतूरला, माझा दोस्त सिद्धार्थच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात त्याच्या-माझ्या गल्लीचं बोलणं तुटलं होतं. आम्ही दोघं मात्र रोज त्या कॅसेटपाशी. शब्द एक कळायचा नाही, तरी अख्खी कॅसेट पाठ. सेल उतरले की तापल्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. मग टेप कसाबसा फिरायचा, गाणाऱ्याचा आवाज जड, लांबलेला यायचा.

"आपल्यावानीच लय दमलाय गडी," सिद्धार्थ एका दुपारी म्हणाला होता.

लेकीच्या मोबाइलवर तो गाणारा भलताच तरतरीत निघाला. मी सिद्धार्थला फोन लावून ऐकवलं.

"हा आपला न्हाई रे," तो म्हणाला. "उन्हातले सेल घाल त्याच्यात."