केडीएमचा धूर

तुटलेली चेन जोडायला दिली तेव्हा सराफ म्हणाला, "बसा ताई, मागे लगेच झाळून देतात." मागे म्हणजे बिनखिडकीची खोली. तिथे गोपालदा नावाचे बंगाली कारागीर फुंकणीने ज्योत वळवत होते. सांध्यावरचा केडीएमचा कण वितळला, पिवळट धूर उठला आणि ते खोकले. त्या कणात कॅडमियम असतं.

आपल्या पेशींतही असेच कारागीर बसलेले असतात. डीएनएचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो आणि ते तो गुपचूप सांधतात. हे कॅडमियम त्यांच्या हातांना पकड देणारं जस्त ढकलून तिथे स्वतः ठाण मांडतं. मग हात असतात, पकड नसते. तुटलेलं तुटकंच राहतं, त्याच्या नकला निघत जातात, आणि एक दिवस डॉक्टर त्याला नाव देतात.

सराफाकडे यावर औषध आहे, छातीतला धूर उतरवणारा गूळ! रोज संध्याकाळी तो प्रत्येक कारागिराच्या हातावर एक खडा ठेवतो. स्वतः एसीत बसतो. मागे साधा पंखा नाही, वाऱ्याने ज्योत हलते म्हणे.

चेन देताना तो ऐटीत म्हणाला, "सोन्याचा कस उतरत नाही बघा. कॅडमियम सगळं उडून जातं."

"उडून कुठे जातं?"

 त्याने गुळाचा डबा उघडून पहिला खडा माझ्यापुढे धरला.

चेन माझ्या गळ्यात होती. मी तो खडा घेतला.