मागे वळून पाहिलं की बाई दिसतात

डॉ. वसुमती भामरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बादलीत ओकत होत्या. गौरवग्रंथातल्या लेखाला ही सुरुवात शोभत नाही, असं संपादकांनी मला सांगून पाहिलं. पण आमची ओळख तशीच झाली, त्याला माझा इलाज नाही. सुरतेत उधन्याला बाईंचं तोल-उपचाराचं केंद्र आहे. तिथे मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. बाईंनी डोळ्यांवरचं जाडजूड यंत्र काढून ठेवलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बसा. नवीन चित्रण आधी मी स्वतःवर करून बघते. मलाच सोसलं नाही तर रुग्णाला काय सोसणार?" फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेली मी त्या दिवसापासून त्यांची विद्यार्थिनी झाले.

त्या यंत्राला आमचे रुग्ण 'चष्मा' म्हणतात. तो लावला की माणूस चित्राच्या आत जाऊन उभा राहतो. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय दुखावलं की सगळं जग फिरायला लागतं. अशा माणसाला मऊ गादीवर उभं करून, हलती चित्रं दाखवत, मान वळवायला लावत तोल पुन्हा शिकवता येतो. पण चष्म्याबरोबर आली होती परदेशी बर्फाची आणि सरकत्या जिन्यांची चित्रं. आमचे रुग्ण खानदेश-मराठवाड्यातून आलेले लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कामगार. त्यांना गरगरायचं ते धावत्या लूमच्या रांगांमध्ये. म्हणून बाई चारी बाजू टिपणारा कॅमेरा काठीला लावून कडोदऱ्याच्या एका लूमखात्यात, म्हणजे कारखान्यात, गेल्या. पहिलं चित्रण फुकट गेलं, कारण कारागीर लूम बंद करून, केस नीट करून कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्यांदा जमलं. मात्र अशा कॅमेऱ्यापासून लपता येत नाही, त्यामुळे काठी धरलेल्या बाई प्रत्येक चित्रात आल्याच. त्यांनी त्याचाही व्यायाम करून टाकला. "मान वळवा, मागे मी दिसते का बघा," असं त्या रुग्णाला सांगतात.

बाई तशा रागीटच आहेत. रामदासभाऊ नावाचे एक कारागीर झोकांड्या खात खात्यात शिरले, तेव्हा शेठजींनी "पीधेलो छे", दारू प्यायलाय म्हणून त्यांना घालवून दिलं. या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. लाजेने ते आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. बाई चष्मा घेऊन थेट शेठजींकडे गेल्या आणि मोठ्या प्रेमाने त्यांना तो लावला. चित्र हलताच शेठजींनी टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाईंनी विचारलं, "शेठ, तमे पण पीधेला छो?" रामदासभाऊ परत कामावर लागले.

आता माझं सांगते, आणि सांगताना आजही मान खाली जाते. होळीनंतर मला ताप आला आणि पाठोपाठ माझंच घर फिरायला लागलं. रोज रुग्णांना "लाजू नका हो, हा आजार आहे" असं सांगणारी मी भिंतीला हात लावून चालू लागले आणि कुणाला कळू दिलं नाही. तोल शिकवणाऱ्या बाईचाच तोल जातो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बाईंनी मात्र ओळखलं. "योगिता, मान का वळवत नाहीस? कपाट सरकवल्यासारखी अख्खी वळतेस." मी रडलेच. त्यांनी त्याच दिवशी उपचार सुरू केले. पण खरी भीती पुढेच होती. आम्हा खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी देवीचा पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर जातात. आमच्याकडे हा मान मोठ्या सुनेचा, म्हणजे माझा. भर मिरवणुकीत देवी माझ्या डोक्यावरून पडली असती तर? "घरी कळू देऊ नका," एवढंच मी बाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "नाही कळणार. आणि कानबाईही पडणार नाही."

लिंबायतमधल्या एका कानबाईच्या मिरवणुकीचं चित्रण बाईंनी आदल्या वर्षी केलं होतं. ते चष्म्यात लावून मी गादीवर उभी राहू लागले. डोक्यावर आधी रिकामा पाट, मग पाटावर नारळ. नारळ किराणा दुकानातला आणि मिरवणूक चष्म्यातली, तरी मी चपला काढल्या. चष्मा उतरवला तेव्हा बाईंच्याही पायांत चपला नव्हत्या. कितीतरी नारळ गडगडले. बाई उचलून पुन्हा ठेवत राहिल्या.

कानबाई तापीपर्यंत सुखरूप गेली. वाटेत सवयीने मी हळूच मान वळवली. मागे बाई नव्हत्या, कारण त्यांनी शब्द दिला होता. घाटावर पाट उतरवला तेव्हा त्या दिसल्या. दूर, प्रसादाच्या दुकानाआड, अनवाणी आणि ओळख नसल्यासारख्या तोंड फिरवून उभ्या. जिने माझ्यासाठी एवढं केलं, तिला मी चोरासारखं उभं केलं होतं. आजाराची वाटली नव्हती इतकी लाज मला त्या क्षणी वाटली.

"ती कोन व?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या मन्या डाक्टर. मी त्यासनी पेशंट शे," मी सगळ्या भाऊबंदांच्या देखत मोठ्याने म्हणाले.

गर्दीतून माझ्यापुढे वाट काढत सासूबाई बाईंपाशी गेल्या, त्यांचा हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मले बी चक्कर येस, माय. कितला वरीस हुई गयात. म्हनीसन त कानबाई सुनले दिधी." मला मान म्हणून मिळालेली कानबाई त्यांनी भीतीपोटी दिली होती, आणि एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत भिंती धरून चालत होतो.

बाईंना साठीच्या शुभेच्छा देताना माझा स्वार्थ लपवत नाही. सासूबाई येत्या सोमवारपासून चष्मा लावणार आहेत. त्यांच्यामागून आमच्या गल्लीतल्या आणखी बायका येतील, आधी लाजतील, मग येतील. त्या प्रत्येकीने मान वळवली की बाई तिथे उभ्या दिसायला हव्यात. त्यासाठी बाईंना भरपूर आयुष्य मिळो, आणि प्रकृती अशी ठणठणीत राहो की ती बादली फक्त नव्या चित्रणापुरतीच लागो.

— योगिता, बाईंची सहकारी आणि रुग्ण