लेकीच्या दुधाचं दही

ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. देवापुढे उभी राहिले, तरी एवढी गाळूनच बोलते. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी बाई — तू माझी जुनी मैत्रीण, म्हणून तुला लिहून सांगते, जमेल तसं.

आमची पूजा पुण्याला एका कंपनीत कामाला आहे. तिथं गाय-म्हैस नसताना दूध करतात — मोठ्या टाकीत, बारीक जंतूंकडून. तिनंच मला समजावलं, "आगं, तुझ्या विरजणात जंतूच असत्यात की. तसंच हाय ते." किती मायेनं सांगते पोर! हे मात्र हसले. म्हणाले, "हळू बोल, मैनी ऐकंल. सांजंला धार द्यायची न्हाई." मैनी म्हणजे आमची म्हैस. तिच्याच दुधावर पूजाचं शिक्षण झालं.

मागच्या उन्हाळ्यात पूजा बर्फाच्या डब्यातून ते दूध घेऊन आली. तिनं स्वतः जुळवलेलं. गावात कुणाचं दही बिघडलं तर विरजण माझ्याकडून नेतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणाली, "आई, तू लाव. आन् खरं सांग हं. लेकीचं हाय म्हणून गोड बोलू नगंस."

मी दूध तापवलं. ती बापाबरोबर रानात गेली. आणि मी — कसं लिहू? — दूध गाडग्यात ओतलं, आणि बोट टेकवत नव्हतं इतकं कढत असतानाच त्यात विरजण टाकलं. चुकून? नाही गं. लग्न होऊन आले तेव्हापासून दही लावते, अशी चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती.

पातेल्यात थोडं दूध उरलं होतं. ते निवू दिलं, वाटीत नीट विरजलं. कशाला? मला बघायचं होतं ना.

संध्याकाळी वाटी कलती केली तरी दही हललं नाही. गोठ्यामागं उभी राहून खाल्लं. चांगलं होतं. आपल्या दह्यासारखंच. वाटी घासून ठेवून दिली. गाडग्यातलं मात्र तसंच पातळ, वर चार गुठळ्या.

पूजानं त्यात चमचा फिरवला. माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "न्हाई गं लागत. जीवच न्हाई ह्यात."

रुसली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात धरला. "बरं झालं सांगितलंस. तिथं समदी गोडच बोलत्यात."

परत जाऊन तिनं सगळ्यांपुढं तेच सांगितलं — आईच्या हातानं लागलं नाही, म्हणजे माझ्या दुधातच खोट आहे. तिचं दूध बाजूला पडलं. आता ती दुसऱ्यांच्या हाताखाली काम करते. माझा संशय तिच्या मनालाही शिवत नाही.

भीती वाटली का मला? वाटली. टाकीतलं दूध असं लागायला लागलं, तर मैनीचं दूध डेअरीत कोण घेणार? आणि मला तरी कोण विचारणार? पण मोडलं कुणाचं — पोटच्या पोरीचं.

परवा तिचा फोन आला. कंपनीत दुसऱ्या पोरांनी नवं दूध केलंय. "पाठवू का, आई? तुझ्याबिगर खरं कोण सांगणार?"

मी "पाठव" म्हणाले. नीट लावीन. लागेलही ते. पण ते तिचं दूध नसेल.