मायची गुडघ्याची पुडी

सोमवारी आमच्या धाड गावाहून मायला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात निघालो. गाडीत मी सारखी तिच्या रुमालाकडे बघत होते... खोकल्यातून पुन्हा रक्त तर येत नाही ना?

आधी टीबीची शंका होती, पण टीबी निघाला नाही आणि ताप हटेना. इथे स्कॅन झाला, फुप्फुसात दुर्बिणीची नळी घातली, आणि निदान आलं... बुरशी! शिळ्या भाकरीवर धरते तशी, माझ्या मायच्या छातीत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ही बुरशी हवेत, गुरांच्या कुटारात-भुशात, सगळीकडे असते. धडधाकट माणसाला काही करत नाही, प्रतिकारशक्ती खचली की मात्र फुप्फुस पोखरते. मायला तर शुगरही नाही... मग शक्ती खचली कशानं?

कुठलं औषध चालू आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. आम्ही दरवेळी छातीठोकपणे सांगितलं, काहीच नाही. सलाईनमधून बुरशीचं औषध सुरू झालं, पण कारण सापडेना.

आणि मग एका सकाळी, हाताला सलाईन असल्यानं उठता येईना म्हणून मायनं मला हाक मारली. "पोरी, माह्या पिशवीतली पुडी दे वं. गुडघे लय ठणकून राह्यले."

कागदात बांधलेली पांढरी भुकटी. ना नाव, ना कंपनी. "माय, डॉक्टरले काऊन नाही सांगतलं?"

"ते काय औषध हाय? औषध दवाखान्यात भेटते. हे तं बाजारातली पुडी हाय."

मी पुडी घेऊन पळतच सुटले. डॉक्टरबाईंचा संशय तपासणीत खरा ठरला... स्टेरॉईड, प्रतिकारशक्ती खचवणारं. गुडघ्यांसाठी माय कितीतरी वर्षं तेच खात होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल, हळूहळू कमी करू, एवढंच म्हणाल्या.

काल ताप उतरला. पण बुरशीचं औषध कित्येक महिने चालणार आहे, आणि पुढचा स्कॅन अजून व्हायचाच आहे.

आज मायनं फोन मागून घेतला आणि शेजारच्या सुभद्राकाकूंना लावला. दोघी मिळूनच बाजारातून पुड्या आणायच्या. "सुभद्रे, एकदम सोडू नको वं. डॉक्टरले दाखव, अन् पुडीचं बी सांग." दम लागत होता, मधेच खोकत होती, पण सगळं सांगून होईपर्यंत तिनं फोन सोडला नाही. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. औषध कोणतं घेता म्हटलं तर ते नाहीच म्हणतील... गुडघे दुखले की काय घेता, असं विचारा.