कोरा दिलाय, कोरा घेणार

"कोरा दिलाय, कोरा घेणार," असं म्हणत तो दारातच अंकाची पानं अंगठ्याने फर्रकन सोडायचा. पेन्सिलीची रेघ दिसली की कपाळाला आठी. तुमच्याही गल्लीत असा मासिकवाला येत असेल. सायकलला दोन पिशव्या, महिन्याची वर्गणी, आठवड्याला दोन मासिकं, वाचून परत द्यायची. कोणती, ते तो ठरवणार. मागितलेलं कधी दिलं नाही.

गोरव्याच्या वस्तीत आमच्या दारी तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला हाकलतच होतो. मी चौथी पास, कारखान्यात फिटर. मासिक घेऊन काय करू? "महिनाभर फुकट बघा. नाही पटलं तर बंद," म्हणाला. बायकोने माझ्या बगलेखालून हात घालून अंक घेतला. मग अठरा वर्षं घेत राहिली. घरोघरी केबल आली, लोकांनी त्याला बंद केलं. हिने नाही केलं.

पण वाचताना ती पानाच्या कडेला लिहायची.

"वहिनी, परत लिहिलंत?"

"मग छापणाऱ्याने कडेला जागा कशाला सोडलीय?"

"हवा खेळायला."

मी खाटेवर पडून ऐकायचो. ती काय लिहिते ते विचारलं नाही. कोण विचारतं?

ती गेली. तेराव्यानंतर मी नागरवाड्यात त्याच्या खोलीवर गेलो. छतापर्यंत अंक. म्हटलं, हिने लिहिलेले सगळे दे, सांगशील तेवढे पैसे देतो. त्याने एक काढून दिला. उघडला. कोरा. दुसरा उघडला. तोही कोरा.

"दर रविवारी खोडायला बसतो. पुढच्या घरी तसा कसा देणार?"

मी त्याची कॉलर धरली. आईवरून शिवी दिली, खोटं कशाला सांगू. रेशनकार्डावरची सही सोडली तर तिच्या हातचं एक अक्षर माझ्या घरात नव्हतं. अठरा वर्षं लिहिलेलं ह्या माणसाने रबराने झाडून टाकलं.

त्याने कॉलर सोडवली नाही. म्हणाला, "तुमच्या घरात आठ आठ दिवस पडलेला असायचा, भाऊ. मी खोडायच्या आधी वाचायचो तरी."

असं बोलणाऱ्याला मारावं की काय करावं? मी घरी आलो.

पुढच्या रविवारी हा दारात. सायकल लावली, न विचारता बसला. "एका गोष्टीत सासू सुनेला उपाशी ठेवते. वहिनींनी लिहिलं होतं, हिला आठ दिवस माझ्याकडे पाठवा."

मला हसू आलं. मग हसल्याचा राग आला. चहा दिला, तोही आपटून. साखर विसरलो होतो. "चालशे," गुजरातीत म्हणाला आणि तसाच प्यायला.

मग येतच राहिला. दर वेळी एखादंच सांगायचा. सगळं एकदम सांग म्हटलं की म्हणायचा, "आठवेल तेव्हा आठवेल. नळ आहे का सोडायला?" मी शिव्या द्यायचो. रविवारी दुधाची पिशवी मात्र जास्तीची आणायचो.

एके दिवशी दहा-बारा अंक माझ्यापुढे ठेवले. मुलाकडे सुरतेला चाललो म्हणाला, बाकीची रद्दी झाली. "खोडलेलेच आहेत. पण वहिनींच्या हातातले." तिकडेच मेला. मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही पानवाल्याकडून.

परवा त्यातला एक अंक खिडकीशी तिरका धरला. पत्र्यावरचा ओरखडा आम्ही कारखान्यात असाच बघायचो. शिसं पुसलं गेलं होतं, पण ती दाबून लिहायची, त्याचा चर राहिला होता. एका गोष्टीच्या शेवटी होतं. एकेक अक्षर जुळवायला मला दुपार लागली. 'हे कामावरून आले की ह्यांना विचारीन', एवढं लागलं. पुढची ओळ खोडताना कागदच घासून गेलाय.

तिने मला कधीच काही विचारलं नाही. काय विचारायचं होतं ते त्या एकट्याने वाचलं होतं. इतके रविवार माझ्या घरी बसून चहा प्यायला, आणि नेमकं तेवढंच सांगितलं नाही.