ओढ्याच्या अलीकडे

कुठलीही गोष्ट नीट बघायची असली की काका डावा डोळा मिटायचे. मंडळाच्या गणपतीचं मखर तिरकं लागलंय का, नव्या गाडीचं दार बरोबर बसलंय का, समोरचा माणूस थापा मारतोय का, सगळ्याला एकच उपाय. डावा डोळा बंद, मान किंचित वर, आणि मग निकाल: "अर्धा इंच डावीकडे." डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांचे साचे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुणी घाई केली की म्हणायचे, "घाई कोणाला आहे, बाप्पा?"

डेट्रॉइटच्या उपनगरात, ट्रॉयमध्ये, ते आमच्याच रस्त्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे. आमच्या मंडळात शिकार करणारा हा एकच माणूस. कारखान्यातल्या बिल नावाच्या मित्राने त्यांना हा नाद लावला आणि दोघं दरवर्षी हरणाच्या मागे जायचे. मंडळात त्यावर कुजबुज व्हायची. पण पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, काका खिम्याचं पातेलं घेऊन आले की कुजबुजणारेच आधी रांगेत उभे राहायचे. "मटण आहे ना, काका?" "मटणाचा चुलतभाऊ आहे. वाढू?"

त्यांची एकच इच्छा राहिली होती. मिशिगनच्या उत्तरेच्या जंगलात एल्क आहेत. सांबराच्या जातीचं, पण घोड्याएवढं जनावर. त्याचा परवाना सोडतीत नाव निघालं तरच मिळतो. काका वर्षानुवर्षं अर्ज करत होते आणि त्यांचं नाव कधी निघालं नाही. त्यांच्या आग्रहाखातर मी पहिल्यांदाच अर्ज केला आणि माझं नाव निघालं. एक मादी मारायची परवानगी.

सांगायला गेलो तेव्हा जीभ अडखळली. काकांनी डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि मग मिठीच मारली. "अरे, तुझं काय नि माझं काय! चल, तुला शिकवतो."

माझा नेमबाजीचा अनुभव जत्रेतल्या फुग्यांपुरता होता. काकांनी आपली रायफल माझ्या हातात दिली आणि पानं गळून जाईपर्यंत मला सरावाच्या मैदानावर उभं केलं. पहिला धडा रोज तोच. "मध्ये कोण आहे बघ. मागे कोण आहे बघ. जनावर सगळ्यात शेवटी."

निघायच्या सकाळी काकूंनी पोळ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. गाडीपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "बंदूक तुझ्याजवळच राहू दे हं."

"हो काकू, नियमच आहे तो. परवाना माझ्या नावावर आहे."

"नियमासाठी नाही म्हणत मी."

आणखी काही बोलणार होत्या, तेवढ्यात काकांनी हॉर्न दिला.

उत्तरेचा तो हायवे त्यांच्या पायाखालचा होता. तरी ज्या एक्झिटला वळायचं ती त्यांनी सोडली. मी म्हटलं, "काका, एक्झिट गेली." ते म्हणाले, "माहितीये मला." पुढचीही गेली. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते समोर बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू चालव. डोळे थकले."

मोटेलात उतरल्यावर त्यांनी खालून कॉफी आणली. तीन कप.

"तिसरा कोणाचा?"

"बिलचा."

बिलच्या अंत्यविधीला आम्ही दोघं बरोबर गेलो होतो. काकांनी त्या तिसऱ्या कपाकडे बघितलं आणि हसले. "सवय रे, यार." मीही हसलो. तुम्हीही हसला असतात. आपल्या माणसाचं असं काही दिसलं की आपण आधी हसूनच घेतो.

सकाळी जंगलात शिरलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. झाडं इतकी दाट की दहा हातांवरचं दिसेना. पायांखाली बर्फ करकरायचा, थांबलं की तोही आवाज बंद. पाखरू नाही, वारा नाही. जंगल श्वास धरून बसलंय असं वाटत होतं. काका मात्र खुशीत होते. खुरांचे ताजे ठसे दाखवायचे, ओठांवर बोट ठेवायचे. काल गाडीत पाहिलेला माणूस कोणी दुसराच होता असं मला वाटायला लागलं.

मग ओढा आला. काठ गोठलेले, मधून काळं पाणी. वर एक झाड आडवं पडलेलं, तोच पूल. काकांनीच शिकवलेला नियम: ओलांडताना बंदूक रिकामी करायची, जोडीदाराच्या हातात द्यायची, पलीकडे जाऊन मग घ्यायची. मी गोळ्या काढल्या. रायफल आणि गोळ्या त्यांच्याकडे दिल्या आणि दोन्ही हात पसरून त्या ओंडक्यावरून पलीकडे गेलो. रायफल घ्यायला वळणार, तोच समोरच्या चढावर काहीतरी हललं.

मादी होती. झाडांच्या कडेला आडवी उभी, कान माझ्याकडे. एवढं मोठं जनावर आणि पावलाचा आवाज नाही. मी हात मागे करून काकांना खूण केली.

मागून खटक् असा आवाज आला. रायफलीत गोळी चढवल्याचा.

मी वळून पाहिलं. काका गुडघा टेकून बसले होते. रायफल खांद्याला, डावा डोळा मिटलेला. रायफलीवरच्या दुर्बिणीची काळी काच थेट माझ्या छातीसमोर होती. अंगात भगवं जाकीट, डोक्यावर भगवी टोपी, पाठीमागे पांढराशुभ्र बर्फ. आंधळ्यालाही दिसलो असतो.

"डोन्ट मूव्ह, बिल," काका पुटपुटले. "आय गॉट हर."

"काका!" मी ओरडलो असेन. नक्की आठवत नाही. बर्फात पालथा पडलो एवढं आठवतं. डोक्यावरून आवाज गेला. कान बधिर झाले, फांद्यांवरचा बर्फ मानेवर पडला. कितीतरी वेळ मी स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहिलो.

"पडली! एका गोळीत पडली!" काका तरण्या पोरासारखे ओंडक्यावरून चालत आले. "अरे, तू असा पालथा काय? घसरलास?"

"काका, मी मध्ये होतो."

"कशाच्या मध्ये?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. मी उठलो, त्यांच्या हातून रायफल घेतली, उघडून रिकामी केली आणि उरलेल्या गोळ्या माझ्या खिशात टाकल्या. काका मादीपाशी गेले. तिच्या अंगातून वाफ निघत होती. त्यांनी टोपी काढली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि डोळे पुसले.

जवळच्या फार्मवरच्या दोघांनी घसरगाडी आणून जनावर ओढून दिलं. शिकार नोंदवायच्या ठिकाणी अधिकाऱ्याने विचारलं, कोणी मारली? मी तोंड उघडायच्या आत काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ही डिड! फर्स्ट हंट, वन शॉट!" ते खोटं बोलत नव्हते. दुपारपर्यंत त्यांच्या मनात ते तसंच घडलं होतं. त्या आनंदी चेहऱ्यापुढे माझ्याने काही बोलवलं नाही.

संक्रांतीच्या पॉटलकला काकांनी सगळ्यांना शिकारीची गोष्ट सांगितली. ओढा, ओंडका, बर्फ, सगळं जसंच्या तसं. फक्त जागा बदलल्या होत्या. "मी पलीकडे उभा, मादी माझ्या पाठीमागे, आणि या पठ्ठ्याने माझ्या डोक्यावरून गोळी झाडली! मी पडलो बर्फात पालथा!" लोक हसले, काहींनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. हातातला तिळगूळ मला खाववेना. काकू भांडी आवरायच्या थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच आमच्याकडे आले. बूट न काढता खुर्चीवर बसले. आधी कधी असं केलं नव्हतं.

"काल सगळे हसले. तू हसला नाहीस," ते म्हणाले. "खरं सांग. गोळी कोणी झाडली?"

"तुम्ही, काका."

"आणि पलीकडे?"

"मी होतो."

त्यांनी डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घेतले.

"मी तुला पाहिलं नाही?"

"नाही."

"भगवं जाकीट होतं ना तुझ्या अंगात?"

"होतं."

त्यांनी कोटातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. "कपाटाची आहे. बंदुका घेऊन जा. माझ्या घरात नकोत. मी मागितल्या तरी देऊ नकोस." उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यांवरून, छातीवरून हात फिरवत राहिले. लहान मूल जिन्यावरून पडलं की आपण कुठे लागलंय का ते चाचपून बघतो, तसं.

बंदुका मी बंदुकांच्या दुकानात देऊन आलो. बर्फ वितळायच्या आत त्यांची मुलगी आली आणि दोघांना फ्रीमाँटला आपल्या घरी घेऊन गेली. घर विकलं गेलं. काकूंचा अधूनमधून फोन येतो. काका कसे आहेत विचारलं की म्हणतात, "शांत असतात."

मला मात्र ते दिसतात ते त्या सकाळचे. किल्ली ठेवून निघाले तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. बर्फ पडत होता, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. पाठ ताठ, चाल शांत. स्वतःच्या घरापाशी ते पोचले. दारात काकू शाल घेऊन उभ्या होत्या. काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, अनोळखी बाईला करतात तसा, आणि सरळ पुढे चालत गेले.

मी बूट शोधू लागलो.